बहात्तर तासांची ओल

लॅमिनेट फ्लोअरिंगची अठरा खोकी दोन मजले चढवून मिस्त्रीने दारातच टेकवली, कपाळावरचा घाम पुसला आणि विचारले, "काका, खोली कुठली?"

"खोली दाखवतो," सर म्हणाले. "पण आज फक्त खोकी आत जातील. हत्यारं परत न्या."

मिस्त्री हसला. गिऱ्हाईक थट्टेखोर निघाले की दिवस बरा जातो, असा त्याचा अनुभव होता. मात्र सरांच्या हातात दोन मीटर लांबीची ॲल्युमिनियमची पट्टी होती, खिशातून स्पिरिट लेव्हल डोकावत होती आणि चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता.

सर तंत्रशिक्षणाच्या शाळेत चौतीस वर्षे फिटिंग शिकवून निवृत्त झाले होते. त्यांच्या टेबलावरच्या डब्यात खडूसुद्धा उंचीप्रमाणे उभे असत. विद्यार्थ्यांनी त्यांचे नाव 'ओळंबा' ठेवले होते आणि ते सरांच्या कानावर आले होते. दोरीला वजन लटकवून भिंतीचा वाकडेपणा तिच्या तोंडावर सांगणाऱ्या साधनाचे नाव आपल्याला मिळावे, याला ते टिंगल न समजता बढती समजत.

"हे बघा," सरांनी पट्टी जमिनीवर आडवी धरली. "जुना कोबा आहे. मधे चांगला आहे, पण खिडकीपाशी पट्टीखालून सात मिलीमीटर उजेड येतोय. दोन मीटरमधे तीन चालतात. सात नाही."

"काका, त्याच्यावर आपण फोम अंथरतो ना. फोम टाकला की सगळं झाकलं जातं."

"झाकलं जातं म्हणजे बरोबर होतं का?"

मिस्त्रीला या प्रश्नाची सवय नव्हती. त्याच्या धंद्यात दोन्ही शब्दांचा अर्थ एकच होता. "नाचता येईना, अंगण वाकडं, असं लोक आम्हालाच म्हणतात," तो पुटपुटला.

"अंगण खरोखरच वाकडं असेल तर नाचणाऱ्याने बोललंच पाहिजे," सर म्हणाले आणि खिडकीजवळच्या खड्ड्याभोवती त्यांनी खडूने सीमा आखायला घेतली. पाच मिनिटांत जमिनीवर एका अनोळखी बेटाचा नकाशा तयार झाला.

खोलीची ही तयारी लेकीसाठी चालली होती. ती दूरच्या शहरात राहत असे आणि तिच्या आठ महिन्यांच्या मुलाला सरांनी आजवर फक्त फोनच्या पडद्यावर पाहिले होते. तिथे तो बहुधा कपाळ तेवढे दाखवी. आता ती महिनाभरासाठी येणार होती. पण येण्याआधी तिने फोनवर विचारले होते, "बाबा, त्या खोलीची जमीन अजून तशीच खरखरीत आहे का हो? तो आता सारखा रांगतो. गुडघे सोलून निघतील त्याचे. तसं असेल तर मी मावशीकडे उतरते. तिच्याकडे छान लाकडी फ्लोअरिंग आहे. तुम्ही येत जा ना भेटायला."

ते शेवटचे वाक्य सरांना लागले. सख्ख्या नातवाला दवाखान्यातल्या रुग्णासारखे वेळ बघून भेटायला जायचे! शिवाय मावशीचे फ्लोअरिंग. त्यावर चालले की पावलागणिक करकर आवाज येई, हे त्यांनी मेहुणीच्या घरी जेवताना तीनदा मोजून पाहिले होते. लेकीला त्यांनी शब्द दिला. पुढच्या रविवारी सकाळी अकराला ती येईल तेव्हा खोली तयार असेल. हातात दहा दिवस होते.

"दहा दिवस पुष्कळ झाले, काका," मिस्त्री जाता जाता म्हणाला. "मी एका दिवसात देतो."

"एक दिवस तुमचा," सर म्हणाले. "बाकीचे जमिनीचे."

जमिनीचे पहिले तीन दिवस ओलीच्या चाचणीसाठी होते. लॅमिनेटचा जन्मशत्रू म्हणजे पाणी. कोब्यात ओल असली तर पाट्या फुगतात, सांधे वर येतात आणि जमीन पापडासारखी होते. म्हणून सरांनी एक मीटर लांब-रुंद असा जाड पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा भिंतीपासून हातभर अंतरावर अंथरला आणि चारी कडा चिकटपट्टीने बंद केल्या. जमिनीत ओल असेल तर बहात्तर तासांत प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब जमतात. नसेल तर जमत नाहीत. साधी, शास्त्रशुद्ध आणि बिनबोभाट चाचणी. गुरुवारी दुपारी बरोबर चार वाजता ती सुरू झाली. सरांनी दारावर पाटी लावली : 'चाचणी चालू आहे. स्पर्श करू नये.'

एरवी ही खोली सासूबाईंची. ऐंशी पार केलेल्या सासूबाईंचा पलंग दहा दिवसांपुरता बैठकीत हलवला होता, आणि नातीच्या बाळासाठी त्यांनी आनंदाने आपले राज्य सोडले होते. त्यांना पेपरातली अक्षरे दिसत नसत, पण कोपऱ्यातली धूळ मात्र पलंगावर पडल्या पडल्या दिसे.

"जावईबापू, ते काचेसारखं काय अंथरलंय?"

"जमिनीचा ताप बघतोय, आई."

"बघा बापडे," सासूबाई म्हणाल्या.

शुक्रवारी दुपारची झोप आटोपून सर चार वाजता खोलीत गेले. ही झोप अडीच ते पावणेचार अशी असे आणि तिच्यात कधी पाच मिनिटांचाही फरक पडत नसे. त्यांनी वाकून पाहिले. प्लास्टिकच्या आत टपोरे थेंब जमले होते.

सरांनी वही काढली. शुक्रवार, दुपारी चार, भरपूर थेंब. शनिवारी सकाळी आठला थेंब निम्मे. शनिवारी दुपारी चारला पुन्हा भरपूर. रविवारीही तेच. चिकटपट्टी चारी बाजूंनी शाबूत होती. इतकी घट्ट आणि बिनसुरकुतीची, की आपल्याच हाताचे सरांना कौतुक वाटले. म्हणजे पाणी वरून आलेले नव्हते. ते आतूनच आले होते, आणि तेही रोज दुपारी.

"अगं, ओल सतत नाही," त्यांनी पत्नीला आलेख दाखवला. "चढउतार आहे. रोज दुपारी चढते. म्हणजे जमिनीचा दोष नाही. कुणीतरी रोज दुपारी पाणी सोडतंय."

पत्नी दुपारी वाचनालय सांभाळत आणि साडेतीनला घरी येत. त्यांनी पिशवी खाली ठेवली. "कोण सोडतंय?"

सरांनी भिंतीकडे बोट केले. भिंतीपलीकडे शेजारच्या वकीलसाहेबांचे न्हाणीघर होते. वकीलसाहेब कोर्टातून आले की तीन वाजता अंघोळ करत आणि हा नेम सुटीच्या दिवशीही मोडत नसत.

"तीनला अंघोळ, चारला थेंब," सर म्हणाले. "मधला तास पाण्याच्या प्रवासाचा."

बोलावणे आल्यावर वकीलसाहेबांनी सरांच्या बैठकीत बसून वही शेवटपर्यंत वाचली, चष्मा काढला आणि पुसला. "सर, तीन वाजता सूर्यही पश्चिमेला कलतो. त्याला का नाही बोलावलंत?"

"त्याचा पाइप माझ्या भिंतीतून जात नाही."

"पुरावा परिस्थितीजन्य आहे."

"थेंब प्रत्यक्ष आहेत."

हा खटला असाच महिनाभर चालला असता. पण सरांच्या पत्नी मधे पडल्या. "भाऊजी, रविवारी पोर येतेय हो बाळाला घेऊन. खोली झाली नाही तर ती थेट माझ्या बहिणीकडे जाईल. आणि मग हे महिनाभर माझ्यासमोर असे बसतील." 'असे' म्हणताना त्यांनी नवऱ्याकडे नुसते पाहिले. वकीलसाहेबांनी त्या लेकीला शाळेत जाताना पाहिले होते आणि सरांना असे बसलेलेही पाहिले होते. ते मुकाट्याने उठले आणि त्यांनी आपल्या घराची किल्ली काढून दिली.

सोमवारी प्लंबर आला. त्याने भिंतीला कान लावला, नळ टकटकवला आणि वकीलसाहेबांच्या न्हाणीघरातल्या खालच्या दोन ओळी टाइल्स काढल्या. आतला पाइप ठणठणीत कोरडा होता.

"मग पाणी कुठून येतं?" सरांनी विचारले.

"पाणी म्हणजे चोर असतो काका. दिसतो एकीकडं, शिरतो दुसरीकडं." असे म्हणून त्याने आणखी दोन ओळी काढल्या. तिथेही चोर सापडला नाही. पण पाणी बंद करावे लागल्यामुळे वकीलसाहेब त्या दिवसापासून टॉवेल खांद्यावर टाकून तीन वाजता सरांच्या घरी अंघोळीला येऊ लागले.

"पाणी कढत ठेवायला सांगा हं, वहिनी," ते पहिल्या दिवशी संकोचून म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी साबणाचा प्रकार बदलण्याविषयी सुचवले.

सोमवारी चार वाजता सरांनी प्लास्टिकखाली पाहिले. वकीलसाहेबांच्या न्हाणीघरात पाण्याचा एक थेंब नव्हता. इथे मात्र होते, मोजून एकतीस.

"म्हणजे मी सुटलो," वकीलसाहेब केस पुसत म्हणाले.

"नाही. पाइपात साठलेलं जुनं पाणी असू शकतं," सर म्हणाले. "उद्या रंग टाकू."

मंगळवारी सकाळी न्हाणीघराच्या मोरीत हिरवा रंग कालवलेले बादलीभर पाणी ओतले गेले. ओल तिथूनच येत असेल तर प्लास्टिकखालचे थेंब हिरवे व्हायला हवे होते. दुपारी चारला थेंब जमले ते नितळ, स्वच्छ, आरशासारखे. हिरव्या झाल्या त्या फक्त वकीलसाहेबांच्या टाचा, कारण विसरलेला कंगवा आणायला ते सवयीने आत गेले होते.

"उद्या मला एका प्रकरणात युक्तिवाद करायचाय," ते एकेक शब्द तोलत म्हणाले. "बूट काढण्याचा प्रसंग येणार नाही, अशी आशा आहे."

सरांनी वहीत नोंद केली : 'थेंब रंगहीन.' मग त्यांनी वही पहिल्या पानापासून पुन्हा चाळली. चौतीस वर्षांत त्यांना न सुटलेले काम आले नव्हते. यंत्र बिघडते ते कारणाने बिघडते, आणि कारण शोधणाऱ्याने तिथे हजर असावे लागते, हे तेच मुलांना शिकवत. हजर! ते दचकले. थेंब जमताना त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. त्यांनी पाहिले होते ते जमून झाल्यावर.

त्याच संध्याकाळी लेकीचा फोन आला. "बाबा, खोली झाली ना? मावशी सारखी विचारतेय, पाळणा लावू का म्हणून."

"पाळणा लावू नकोस म्हणावं," सर म्हणाले. "खोली होतेय."

"होतेय की झालीय?"

"पाया पक्का चाललाय," सर म्हणाले आणि फोन पत्नीच्या हातात देऊन खिडकीपाशी गेले. त्यांनी आयुष्यात इतके मोघम उत्तर दिले नव्हते.

बुधवारी दुपारी अडीच वाजता सर झोपले नाहीत. खोलीत खोक्यांची चळत होती. तिच्यामागे एक स्टूल ठेवून, वही मांडीवर घेऊन, डोळे ताणून ते बसले. पावणेतीनला त्यांची मान एकदा पडली. तीनला घरातल्याच न्हाणीघरातून वकीलसाहेबांचे गुणगुणणे ऐकू आले. प्लास्टिक कालच्यापेक्षा कोरडे होते. सव्वातीनला दार हळूच उघडले.

आत आधी एक छोटी बादली आली. मागून सासूबाई आल्या. त्यांनी गुडघ्यावर हात ठेवून दमादमाने बैठक मारली, चिकटपट्टीचे टोक नखाने उचलले, ती दोन बाजूंनी अलगद सोडवली, प्लास्टिकचे पांघरूण दुमडले आणि ओल्या फडक्याने खालचा कोबा लख्ख पुसून काढला. मग प्लास्टिक पूर्ववत अंथरले, कनवटीला खोचलेला चमचा काढला आणि त्याच्या पाठीने पट्टी घासून घासून बसवली. एक सुरकुती राहिली नाही.

सर स्टुलावरून उठले. "आई! हे काय करताय?"

सासूबाईंनी मान वर केली. जावई खोक्यांमागून उगवला याचे त्यांना विशेष वाटले नाही. "पुसतेय. दिसत नाही?"

"रोज?"

"रोज नको तर काय! पोर येणार लेकरू घेऊन. वरून काच आणि खाली धूळ, बघवतं का? लोक म्हणतील, यांच्याकडे घाण झाकून ठेवतात."

"पाटी नाही वाचलीत दारावरची?"

"मला कुठं अक्षर दिसतंय आता! आणि एक सांगू का, रागावू नका. तुम्ही चिकटपट्टी लावली होती ती वेडीवाकडी होती. मी नीट केली."

एवढ्यात डोके टॉवेलने पुसत वकीलसाहेब दारात आले. त्यांनी बादली पाहिली, फडके पाहिले, सरांचा चेहरा पाहिला आणि बाकी सगळे त्यांना न विचारता कळले. "आजी," ते नम्रपणे म्हणाले, "तुम्ही हे केव्हापासून करताय, ते जरा माझ्यासमोर सांगाल?"

"शुक्रवारपासून. जावईबापू झोपले की. त्यांची झोपमोड कशाला?"

"कबुलीजबाब," वकीलसाहेब सरांना म्हणाले, "आणि तोही स्वखुशीचा." मग त्यांनी स्वतःच्या हिरव्या टाचांकडे एकदा पाहिले.

वाचनालयातून परतलेल्या पत्नीला सगळी हकीकत तिघांकडून तीन तऱ्हांनी ऐकायला मिळाली. त्या आधी हसल्या. पुष्कळ हसल्या. मग म्हणाल्या, "अहो, साप साप म्हणून भुई धोपटतात हे ऐकलं होतं. पण तुम्ही ती दुसऱ्याच्या घरात जाऊन धोपटलीत!"

"मी टाइल्स बसवून देणार आहे," सर खालच्या आवाजात म्हणाले.

"ते ठीक. पण मग आता मिस्त्रीला बोलवा. ओल नाही हे कळलं ना?"

"कळलं नाही. ओल होती का नाही, हे अजून कळलेलंच नाही. पाच दिवसांची सगळी मोजमापं बाद झाली. चाचणी नव्याने करावी लागेल. बहात्तर तास."

पत्नी बोटांवर मोजू लागल्या. "आज बुधवार. बहात्तर तास म्हणजे शनिवार दुपार. मग तो खड्डा भरायचा. तो वाळायला?"

"एक दिवस."

"म्हणजे रविवार दुपार. पोर येणार अकराला. तेव्हा इथं काय असेल?"

"ओलं मिश्रण," सर प्रामाणिकपणे म्हणाले.

पत्नी भांडल्या नाहीत. त्यांनी शांतपणे फोन उचलला आणि बहिणीचा नंबर लावला. "हॅलो, ताई? हो, मीच. अगं, तो पाळणा लावणार होतीस ना..."

सरांनी प्लास्टिककडे पाहिले. मग वहीकडे. बहात्तर हा आकडा त्यांनी ठरवलेला नव्हता. तो पुस्तकातला होता. त्यावर चौतीस वर्षांत त्यांनी शंका घेतली नव्हती, तशी कुठल्याच आकड्यावर घेतली नव्हती. पण त्यांना एकाएकी मेहुणीची बैठक दिसली. त्या करकरणाऱ्या जमिनीवर एक बाळ रांगत होते आणि आपण सोफ्याच्या कडेला, बूट घालून, घड्याळ बघत बसलो होतो.

"ठेव फोन," ते म्हणाले. "चोवीस."

"काय चोवीस?"

"चोवीस तास. उन्हाचे दिवस आहेत. दिसायची ती ओल चोवीस तासांत दिसेल." बोलताना त्यांचा आवाज एखादी अंगठी गहाण टाकणाऱ्या माणसासारखा झाला होता.

"ताई, मागून करते गं," पत्नी म्हणाल्या आणि फोन ठेवला.

या खेपेस प्लास्टिक शेजारच्या कोरड्या जागी लावले गेले, आणि चाचणीच्या राखणीचे काम सासूबाईंनी आपणहून मागून घेतले. "माझ्यामुळं बिघडलं, मीच सांभाळीन." त्यांची खुर्ची प्लास्टिकशेजारी आली आणि हाताशी काठी आली. गुरुवारी सकाळी पत्नी केरसुणी घेऊन दारापर्यंत आल्या, त्यांना काठीने परत पाठवण्यात आले. वकीलसाहेब अंघोळीहून जाताना डोकावले, त्यांना "ओले पाय!" म्हणून हाकलण्यात आले. चार वाजता सर स्वतः वही घेऊन आले.

"कुठं निघालात?"

"नोंद घ्यायला, आई. किती थेंब आहेत ते बघतो."

"चाचणी चालू आहे जावईबापू. दारावर पाटी आहे, मला वाचता येत नाही, तुम्हाला तर येतं ना?"

सर दारातून मागे फिरले. संध्याकाळी चोवीस तास पुरे झाले तेव्हाच त्यांना आत घेण्यात आले. प्लास्टिक वरून जसे होते तसेच खालून होते. पूर्ण कोरडे. ही जमीन कोरडीच होती. ती बहुधा घर बांधल्यापासून कोरडी होती.

मग मात्र कामाने वेग घेतला. त्याच संध्याकाळी सरांनी खडूच्या बेटात सपाटीकरणाचे मिश्रण ओतले आणि पट्टीने असे ओढले की ते वाळल्यावर खड्डा कुठे होता हे त्यांनाही सापडेना. शुक्रवारी ते वाळत असताना सर वकीलसाहेबांच्या न्हाणीघरात टाइल्स बसवत होते. दोरी, ओळंबा, समपातळी बघायची पाण्याची नळी, सगळे साहित्य त्यांनी नेले होते. काम संपल्यावर वकीलसाहेब बराच वेळ भिंतीकडे पाहत राहिले.

"सर, ही भिंत इतकी सरळ झालीय की बाकीच्या तीन आता वाकड्या दिसतात."

"त्या वाकड्याच आहेत," सर म्हणाले. "सांगा, कधी धरू?"

"नको!" वकीलसाहेब इतक्या घाईने म्हणाले की त्यांच्या हातातला टॉवेल पडला.

मिस्त्रीला फोन लावला तेव्हा तो म्हणाला, "काका, मला वाटलं तुम्ही घर विकलंत." पण शनिवारी सकाळी आठला तो आला. फोम अंथरला, पहिली ओळ भिंतीपासून दहा मिलीमीटर सोडून लावली आणि मग पाटीत पाटी अडकत गेली. कुठे ठोकावे लागले नाही, कुठे पाचर सारावी लागली नाही. दुपारी तीनपर्यंत खोली पुरी झाली. मिस्त्री या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात दोनदा चालला. मग टाचेवर उभा राहून उडी मारली. जमिनीने ब्र काढला नाही.

"काका," तो थोडा गंभीर होऊन म्हणाला, "सोळा वर्षं हे करतोय. पण अशी बसलेली मी बघितली नाही. मी आजवर वरचंच काम करत होतो की काय!"

पत्नीच्या लक्षात आले की त्या संध्याकाळी ते त्या खोलीत काहीतरी विसरल्यासारखे सात वेळा जाऊन आले.

रविवारी सकाळी अकराला लेक आली. बाळ तिच्या कडेवर होते आणि मागून रिक्षावाला दोन बॅगा आणि एक जाडजूड गुंडाळी घेऊन चढला. सासूबाईंनी पणतूच्या डोक्यावरून हात फिरवला, पत्नीने डोळे पुसले, आणि सर मात्र दारापाशी उभे होते, परीक्षकाची वाट बघणाऱ्या उमेदवारासारखे. वकीलसाहेबही आले होते, आज खांद्यावर टॉवेल न टाकता. जिच्यासाठी इतके सोसले ती खोली कुणाला कशी वाटते, हे त्यांना पाहायचे होते.

लेक खोलीत शिरली. "अय्या! बाबा, किती सुंदर!" ती वाकली, पाट्यांवरून तिने तळवा फिरवला. "एकदम आरशासारखी झालीय हो."

"सपाटी बघ," सर म्हणाले.

"बघतेय ना. मस्तच." असे म्हणून तिने बाळ त्याच्या आजीकडे दिले, ती गुंडाळी पुढे ओढली आणि तिची दोरी सोडली. आतून जाड, मऊ, रबरी चौकोन बाहेर पडले. लाल, पिवळे, निळे. ती ते एकमेकांत अडकवत निघाली. भिंतीपासून भिंतीपर्यंत. पंधरा मिनिटांत लॅमिनेटची एक पाटी दिसेनाशी झाली.

"हे... हे काय आहे?" सरांनी विचारले.

"रांगायची चटई, बाबा. लाकडावर त्याचे गुडघे सरकतात ना, तोंडावर आपटतो. मावशीकडेही हीच अंथरणार होते." तिने शेवटचा चौकोन खिडकीपाशी, जिथे एके काळी खडूचे बेट होते तिथे, हाताने दाबला. "फार भारी असते ही. खाली कशीही जमीन असू दे, ही टाकली की काही कळतच नाही!"

वकीलसाहेबांना खोकल्याची मोठी उबळ आली आणि ते बाहेर गेले. पत्नीने पदर तोंडाला लावला. सासूबाईंना नीट दिसत नव्हते. त्यांनी विचारले, "काय झाकलं गं तिनं?"

सर चटईकडे पाहत होते. सांगण्यासारखे त्यांच्याजवळ पुष्कळ होते, वहीची चौदा पाने भरून. तेवढ्यात लेकीने बाळाला खाली सोडले. ते पोटावर टेकले, त्याने मान उचलून चहूकडे पाहिले, आणि पडद्यावर नुसते कपाळ दाखवणाऱ्या त्या नातवाचा अख्खा चेहरा सरांना पहिल्यांदा नीट दिसला. मग गुडघे टेकत, धापा टाकत, ते थेट त्यांच्याच दिशेने निघाले. सर घाईने खाली बसले.

खाली बसल्यावर त्यांच्या नजरेला ते पडलेच. लाल आणि पिवळ्या चौकोनांचा सांधा नीट अडकला नव्हता. एक कड वर आली होती. चार मिलीमीटर, पट्टी न लावताही त्यांना कळले. त्यांचा हात आपोआप पुढे झाला. पण नातू आधी पोहोचला. त्याने आजोबांचा अंगठा मुठीत पकडला, तोल सावरला आणि नेमक्या त्याच सांध्यावर बूड टेकले.

वजन आल्यावर कड आपोआप खाली बसली. सरांनी दुसऱ्या हाताने ती चाचपून पाहिली आणि काम मंजूर केले.